भूदान विचार आणि ग्रामीण एकोपा : एक समीक्षा

पवनारहून शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनासाठी पायी निघालेल्या विनोबांना पुढे तेलंगणातील पदयात्रेत, १८ एप्रिल १९५१ रोजी, पोचमपल्लीत पहिले भूदान मिळाले. हृदयपरिवर्तनातून भूमीचा प्रश्न सुटावा, ही या विचाराची श्रेष्ठता होय. तथापि त्याची मर्यादाही तेथेच आहे. दात्याच्या औदार्याइतके लक्ष मोजणी, नोंद व ताबा यांकडे दिले गेले नाही. परिणामी काही ठिकाणी दानच वादाचे कारण ठरले. ग्रामदानात मालकी गावाची व कसणूक कुटुंबाची असल्याने हा दोष बऱ्याच अंशी दूर होतो. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाने २०१३ मध्ये हाच मार्ग स्वीकारला. वर्धा शहरालगतच्या पिपरी मेघेसारख्या गावांत, जेथे जमिनीकडे भूखंड म्हणून पाहिले जाते, तेथे ही चिकित्सा अधिकच आवश्यक ठरते. दानाला दप्तराची जोड मिळाल्याशिवाय एकोपा टिकत नाही, असे म्हणावे लागेल.