प्रमाणपत्र आणि धूर : अवजड डिझेल वाहनांच्या उत्सर्जन-चाचणीची चिकित्सा

प्रस्तावना

अवजड डिझेल वाहनांच्या प्रदूषणाविषयीचे लेखन बहुधा मानकांच्या चढत्या आलेखापाशी थांबते. हा आलेख खोटा नाही. १ एप्रिल २०१७ पासून देशभर लागू झालेल्या बीएस-४ मानकात अवजड इंजिनांसाठी नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा प्रति किलोवॉट-तास ३.५ ग्रॅम होती. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ मानकात ती बदलत्या भाराच्या चाचणीत ०.४६ ग्रॅमवर आली. दरम्यान डिझेलमधील गंधकाचे प्रमाण ५० वरून १० पीपीएमवर आणले गेले. धोरण म्हणून ही प्रगती मोलाची आहे.

तथापि मानक आणि चाचणी या दोन भिन्न गोष्टी आहेत. किती विषारी वायू सोडण्यास परवानगी आहे, हे मानक सांगते. तो वायू कोठे, केव्हा, कोणत्या स्थितीत आणि कोणी मोजावयाचा, हे चाचणी ठरवते. मानकावर संसदेत, न्यायालयात आणि वृत्तपत्रांत चर्चा होते. चाचणीची पद्धत मात्र तज्ज्ञांचा विषय म्हणून बाजूला राहते. वास्तविक पाहता मानकाला अर्थ देण्याचे काम चाचणीच करीत असते. नियमपालनाची चाचणी वाहनाच्या कागदपत्रांची शुद्धता सिद्ध करते की हवेची, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

चाचणीचे स्वरूप आणि तिची मर्यादा

मोटारगाडीची चाचणी घेताना संपूर्ण गाडी रोलरवर चढविली जाते. अवजड वाहनांबाबत मात्र परंपरेने केवळ इंजिनाची चाचणी होते. एकच इंजिन मालमोटार, बस, टिपर आणि काँक्रीट मिक्सर अशा अनेक वाहनांत बसविले जाते. प्रत्येक वाहनाची स्वतंत्र चाचणी घेणे व्यवहार्य नसल्याने इंजिन डायनामोमीटरला जोडून, ठरलेल्या क्रमाने त्याचा वेग व भार बदलला जातो. या क्रमाला चाचणी-चक्र म्हणतात. उत्सर्जन प्रति किलोमीटर न मोजता प्रति किलोवॉट-तास, म्हणजे इंजिनाने केलेल्या कामाच्या प्रमाणात मोजले जाते, त्याचेही कारण हेच.

प्रयोगशाळेतील या पद्धतीचे गुण नाकारता येणार नाहीत. तापमान, इंधन, भार असे सारे घटक नियंत्रित असल्यामुळे दोन इंजिनांची तुलना करता येते, चाचणी पुन्हा घेता येते आणि निष्कर्ष न्यायालयात टिकतो. परंतु या निश्चितीची एक किंमत आहे. चाचणी-चक्र आगाऊ जाहीर झालेले असते. प्रश्नपत्रिका वर्षानुवर्षे तीच राहिली, तर विद्यार्थी विषयाचा अभ्यास न करता प्रश्नपत्रिकेचा करू लागतो, हा अनुभव अध्यापकांना नवा नाही. इंजिनाचे नियंत्रण यांत्रिक होते तोवर असा 'अभ्यास' करणे कठीण होते. इंधनाच्या फवारणीची वेळ संगणक ठरवू लागला, तेव्हा ते सोपे झाले.

१९९८ चा धडा

२२ ऑक्टोबर १९९८ रोजी अमेरिकेच्या न्याय विभागाने आणि पर्यावरण संरक्षण संस्थेने अवजड डिझेल इंजिनांच्या सात उत्पादकांशी तडजोड जाहीर केली. कॅटरपिलर, कमिन्स, डेट्रॉइट डिझेल, मॅक, नॅव्हिस्टार, रेनॉ आणि व्होल्व्हो या त्या कंपन्या होत. दिवाणी दंडाची रक्कम ८ कोटी ३४ लाख डॉलर होती, आणि तोवरच्या पर्यावरणविषयक दिवाणी दंडांत ती सर्वाधिक होती. तडजोडीचा एकूण खर्च एक अब्ज डॉलरहून अधिक होता. तिच्या कक्षेत सुमारे १३ लाख इंजिने येत होती.

या प्रकरणातील तांत्रिक मुद्दा समजून घेणे अगत्याचे आहे. अमेरिकेचे तत्कालीन चाचणी-चक्र सुमारे वीस मिनिटांचे होते. त्याचे चार भाग न्यू यॉर्क व लॉस एंजेलिस येथील वाहतुकीवर आधारलेले होते आणि त्यांपैकी एकच भाग द्रुतगती मार्गाचा होता. लांब पल्ल्याची मालमोटार मात्र तासन्‌तास एकाच वेगाने महामार्गावर धावत असते. इंजिनाचा संगणक अशी स्थिर धाव ओळखून इंधनाची फवारणी थोडी आधी करीत असे. त्यामुळे ज्वलनाचे तापमान वाढे, इंधनाची बचत होई आणि त्याचबरोबर नायट्रोजन ऑक्साइडचे प्रमाणही वाढे. शासनाच्या म्हणण्यानुसार ते अनुज्ञेय पातळीच्या तिपटीपर्यंत जात होते.

येथे दोन गोष्टी विशेष लक्षणीय आहेत. पहिली अशी की, यांतील प्रत्येक इंजिन चाचणीत उत्तीर्ण झालेले होते. प्रमाणपत्र बनावट नव्हते. ते केवळ महामार्गाविषयी मौन बाळगून होते. दुसरी गोष्ट अशी की, या व्यवस्थेत तक्रार करील असा कोणीच नव्हता. उत्पादकाला बाजारात कमी इंधन खाणारे इंजिन विकता येत होते आणि वाहनमालकाचा डिझेलचा खर्च वाचत होता. नायट्रोजन ऑक्साइडचे हे वाढलेले प्रमाण डोळ्यांना काळ्या धुरासारखे दिसत नाही. त्यामुळे हानी सोसणारे लोक या व्यवहाराच्या बाहेरच राहिले.

तडजोडीनुसार २००४ साठी ठरविलेली मानके उत्पादकांनी ऑक्टोबर २००२ पासून पाळावयाची होती. रस्त्यावर असलेल्या जुन्या इंजिनांची दुरुस्ती मात्र त्यांची मोठी उघडझाप होईल तेव्हा करावयाची, असे ठरले. डिझेल इंजिन लाखो किलोमीटर चालते. साहजिकच ही दुरुस्ती रेंगाळली आणि अपेक्षेपेक्षा फार थोड्या इंजिनांत ती झाली. चाचणीतील चूक उशिरा सापडली की तिचे परिणाम हवेत पुढे कित्येक वर्षे राहतात, हा या प्रकरणाचा खरा धडा होय.

रस्त्यावरील चाचणी आणि 'खिडकी'चा प्रश्न

या धड्यातून चाचणी प्रयोगशाळेबाहेर आली. धुराच्या मार्गालाच जोडता येणारी मापनयंत्रे वाहनावर बसवून प्रत्यक्ष रस्त्यावर उत्सर्जन मोजण्याची पद्धत रूढ झाली. अमेरिकेत २००५ मध्ये वापरातील अवजड वाहनांसाठी असा कार्यक्रम नियमबद्ध करण्यात आला. युरोपात युरो-६ मानकाबरोबर तो अनिवार्य झाला. भारतात बीएस-६ च्या दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे एप्रिल २०२३ पासून, याच दिशेने पाऊल पडले.

हा बदल स्वागतार्ह असला तरी त्याची चिकित्सा आवश्यक आहे. रस्त्यावरील आकडे क्षणाक्षणाला बदलतात. म्हणून ते ठरावीक कामाच्या तुकड्यांत विभागून प्रत्येक तुकड्याची सरासरी काढली जाते. तांत्रिक परिभाषेत या तुकड्याला 'खिडकी' म्हणतात. युरो-६ च्या आरंभीच्या टप्प्यांत, ज्या खिडकीत इंजिनाची सरासरी शक्ती कमाल शक्तीच्या २० टक्क्यांहून कमी असेल, ती हिशेबातून वगळली जाई. पुढे ही अट १० टक्क्यांवर आली. उरलेल्या खिडक्यांपैकी ९० टक्के खिडक्या प्रयोगशाळेतील मर्यादेच्या दीडपटीत बसल्या, की वाहन उत्तीर्ण होई.

प्रश्न असा की, २० टक्क्यांखालील शक्तीवर मालमोटार केव्हा चालते? शहरातील कोंडीत, जकात नाक्यांच्या काळात त्यांच्या रांगेत आणि आजही बंदराच्या किंवा बाजार समितीच्या दारात ती अशीच हळूहळू सरकत असते. नायट्रोजन ऑक्साइडचे विघटन करणारी युरियाधारित यंत्रणा धुराचे तापमान सुमारे २०० अंश सेल्सिअसच्या वर गेल्याखेरीज नीट काम करीत नाही. रांगेत सरकणाऱ्या वाहनाचा धूर अनेकदा तेवढा तापतच नाही. म्हणजे जेथे यंत्रणा दुबळी पडते आणि माणसे सर्वाधिक संख्येने जवळ असतात, नेमकी तीच स्थिती आरंभी मोजणीतून वगळली गेली. चक्र बदलून खिडकी आली. वगळण्याची वृत्ती मात्र पूर्णतः गेली नाही.

मोजणारा कोण?

चाचणीचे चक्र कितीही परिपूर्ण असले तरी मोजणाऱ्याच्या सचोटीचा प्रश्न उरतोच. जपानमधील हिनो मोटर्स या मालमोटार-उत्पादक कंपनीने मार्च २०२२ मध्ये उत्सर्जन व इंधन-वापराच्या चाचण्यांतील आकड्यांत फेरफार झाल्याचे मान्य केले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चौकशी समितीने या प्रकाराची मुळे २००३ पर्यंत मागे जात असल्याचे दाखवून दिले. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत कंपनीने दोष मान्य करून १.६ अब्ज डॉलरची तडजोड स्वीकारली. १९९८ मध्ये चाचणी प्रामाणिक पण अपुरी होती. हिनोच्या प्रकरणात चाचणीचे निष्कर्षच विश्वासार्ह राहिले नाहीत.

भारतातही अशा घटनेचा अनुभव आहे, जरी तो अवजड वाहनाचा नाही. जुलै २०१३ मध्ये जनरल मोटर्स इंडियाने उत्सर्जन-चाचणीतील गैरप्रकार उघड झाल्यावर सुमारे १ लाख १४ हजार टवेरा गाड्या परत बोलावल्या. मान्यतेसाठी चाचणीला आलेली वस्तू आणि बाजारात विकली जाणारी वस्तू एकच आहे, हे गृहीत धरून चालत नाही, एवढा बोध त्यातून निश्चितच होतो.

भारतातील स्थिती : दोन टोकांची परीक्षा

भारतात अवजड वाहनाची परीक्षा दोन टोकांना होते. एका टोकाला पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (स्थापना १९६६) किंवा अहिल्यानगर येथील वाहन संशोधन व विकास आस्थापना यांसारख्या मान्यताप्राप्त संस्थांतील प्रगत चाचणी असते. दुसऱ्या टोकाला पेट्रोल पंपाशेजारच्या टपरीत मिळणारे पीयूसी प्रमाणपत्र असते. या दोहोंतील अंतर थक्क करणारे आहे.

पीयूसी केंद्रावर डिझेल वाहनाचा गिअर न्यूट्रल ठेवून ॲक्सिलरेटर झटकन पूर्ण दाबला जातो आणि धूरमापकावर धुराची अपारदर्शकता पाहिली जाते. बीएस-४ पूर्वीच्या वाहनांसाठी ६५ आणि बीएस-४ वाहनांसाठी ५० हार्ट्रिज एकके अशी मर्यादा आहे. वाहनावर भार नसतो. नायट्रोजन ऑक्साइड मोजलेच जात नाही. बीएस-६ वाहनात कणगाळणी बसविलेली असते. ती काही प्रमाणात फुटली तरी अतिसूक्ष्म कण धूरमापकाला जाणवतीलच असे नाही. जर्मनीने जुलै २०२३ पासून युरो-६ डिझेल वाहनांच्या नियतकालिक तपासणीत धुराची अपारदर्शकता पाहण्याऐवजी कणांची प्रत्यक्ष संख्या मोजण्यास आरंभ केला, तो याच कारणाने. इंजिन बदलले, गाळणी आली, युरियाची टाकी आली. भारतातील पीयूसीचे तत्त्व मात्र काळ्या धुराच्या काळातच राहिले आहे.

यातून जबाबदारीच्या वाटणीचा प्रश्न उद्भवतो. पीयूसी नसल्यास किंवा वाहन मर्यादेबाहेर धूर सोडत असल्यास दंडाला सामोरे जावे लागते ते चालकाला वा मालकाला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात पहिल्या अपराधासाठी दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची आणि तीन महिन्यांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. एक-दोन मालमोटारींवर संसार चालविणाऱ्या मालकासाठी ही रक्कम किरकोळ नाही. इंजिनाच्या संगणकात काय लिहिले आहे, याचे ज्ञान किंवा त्यावरील नियंत्रण मात्र त्याच्याकडे नसते. टाकीत युरिया न भरणे किंवा यंत्रणेला चकविणारे उपकरण बसविणे ही त्याची चूक खचितच आहे. परंतु आरेखनातील दोषासाठी त्याला जबाबदार धरणे न्यायाला धरून नाही.

याच दुरुस्तीने कायद्यात आलेल्या ११०-अ या कलमाने पर्यावरणास हानिकारक दोष असलेली वाहने परत बोलावण्याचा अधिकार केंद्र शासनाला दिला आहे. मालकांच्या ठरावीक टक्केवारीने दोष कळविल्यास, चाचणी संस्थेने कळविल्यास किंवा अन्य मार्गाने तो समजल्यास हा अधिकार वापरता येतो. १९९८ चा अनुभव पाहता यांपैकी पहिला मार्ग उत्सर्जनाच्या बाबतीत जवळजवळ बंद आहे. ब्रेक नीट लागत नसेल तर मालक तक्रार करतो. सरासरी चांगली मिळत असेल तर तो कशाची तक्रार करणार? म्हणून सारा भार चाचणी संस्थेवर येतो. तिने रस्त्यावरची वाहने स्वतःहून निवडून तपासली नाहीत, तर उत्सर्जनापुरती ही तरतूद कागदावरच राहील.

समारोप

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला मानवी कर्करोगाचे सिद्ध कारण म्हणून पहिल्या गटात स्थान दिले. या धुराच्या सर्वांत जवळ असतात ते चालक, क्लीनर, हमाल, टोलनाक्यावरील कर्मचारी आणि महामार्गालगतच्या वस्त्यांतील रहिवासी. त्यांच्यासाठी चाचणीची पद्धत हा तांत्रिक तपशील नसून आरोग्याचा प्रश्न आहे.

वरील विवेचनातून तीन अपेक्षा पुढे येतात. मान्यतेच्या आणि रस्त्यावरील चाचण्यांचे निष्कर्ष इंजिननिहाय प्रसिद्ध व्हावेत, म्हणजे विद्यापीठांतील संशोधकांनाही ते तपासता येतील. मंदगती आणि रांगेतील स्थिती हिशेबातून वगळली जाऊ नये. बीएस-६ वाहनांच्या पीयूसी तपासणीत कणसंख्येचे मापन आणि वाहनातील संगणकाच्या दोषनोंदींची पडताळणी यांचा समावेश व्हावा. यासाठी खर्च येईल, तपासणीचे शुल्क वाढेल आणि त्यास विरोधही होईल. परंतु जी चाचणी काहीच शोधत नाही, तिच्यासाठी दर वर्षी घेतले जाणारे अल्प शुल्कही महागच म्हणावे लागेल.

मानके कडक करण्याचे श्रेय शासनाला मिळते आणि ती पूर्ण केल्याचे उत्पादकाला. ती खरोखर पाळली गेली की नाही, हे मात्र हवाच सांगू शकते. चाचणी म्हणजे त्या हवेची साक्ष नोंदविण्याची पद्धत होय. साक्ष कोठे आणि केव्हा नोंदवावयाची हे ठरविताना, ज्यांना ती हवा श्वासातून आत घ्यावी लागते त्यांचे स्थान प्रथम विचारात घेतले जाणे आवश्यक आहे.