युरोपियमचा लाल रंग आणि आपली घाई

संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठात दुर्मिळ मृदा आयनांच्या फॉस्फरवर काम चालतं. आम्हा अमरावती-अकोल्याच्या मास्तरांना हा विषय घरचाच. म्हणून टीका करायची, तर आपल्याच सवयीवर करू.

यिट्रियम ऑक्साईडमधला युरोपियम दोन ओळखीच्या जागी उजळतो : ५९० नॅनोमीटरच्या आसपास नारिंगी आणि ६११ला लाल. लाल जास्त भरला की आपण लगेच लिहितो, 'आयनाच्या जागेला सममिती-केंद्र नाही.' भरड पावडरीत हे बहुधा चालतं. पण दाणे अगदी बारीक असले, किंवा धातूवर पातळ थर दिला, तर हा निष्कर्ष घाईचा ठरतो.

१९६०च्या दशकात जर्मनीत ड्रेक्सहागे यांनी युरोपियमचा थर आरशापासून मोजक्या अंतरावर ठेवला. अंतर बदललं तसा प्रकाश विझण्याचा काळ कमी-जास्त होत गेला. रेणू तोच, आयन तोच! परतणारी लाट झोक्याला वेळेवर धक्का द्यावा तशी येते, तर कधी उलटी. त्यात लाल संक्रमण विद्युत द्विध्रुवाचं, नारिंगी चुंबकीय द्विध्रुवाचं. आरसा दोघांना सारखं वागवत नाही. म्हणजे स्फटिक न बदलता रंगांचं गुणोत्तर बदलू शकतं.

आपल्याकडे युरिया घालून ज्वलनाने फॉस्फर बनवतात. भट्टीतून लाहीसारखा फुललेला, सच्छिद्र माल निघतो. पृष्ठभाग भरपूर. तिथे चिकटलेले हायड्रॉक्सिल गट ऊर्जा खाऊन टाकतात आणि काळ घटतो. उलट, दाणा तरंगलांबीपेक्षा फार लहान असेल आणि भोवती हवा असेल, तर काळ वाढतो. हे १९९९मध्ये मेल्टझर आणि सहकाऱ्यांनी युरोपियमच्याच नॅनोकणांवर दाखवलं.

आता सांगा, 'काळ कमी झाला' या एका वाक्यातून काय कळलं? आयन लवकर उजळला, की ऊर्जा वाया गेली? पहिला नमुना ठेवायचा असतो, दुसरा टाकायचा. पोरांची तीन-चार वर्षं या एका वाक्यावर उभी असतात.

आमचं म्हणणं एवढंच : तोच नमुना वेगवेगळ्या अपवर्तनांकाच्या, हायड्रॉक्सिल नसलेल्या दोन द्रवांत भिजवून पुन्हा मोजा. काळ बदलला, तर बोलतोय तो भोवताल. नाही बदलला, तर खुशाल स्फटिकाबद्दल लिहा.