शुभेच्छुक शाहरुख

पुणे-सोलापूर हायवेवर भिगवण मागे पडलं की थोड्या वेळात डाळज येतं. डाळज एक, दोन आणि तीन, अशी आकड्यांची गावं. एका अंगाला उजनीचं पाणी, दुसऱ्या अंगाला ऊस, मधून हायवे. हिवाळ्यात फ्लेमिंगो बघायला पुण्यामुंबईच्या गाड्या कुंभारगावकडे वळतात, तेव्हा आमच्याकडच्या पोरांच्या रील्सना जरा बरे दिवस येतात. बाकी वर्षभर फाट्यावर बघण्यासारखं एकच असतं, ते म्हणजे फ्लेक्स.

फ्लेक्सची रचना तुम्हाला पाठ असेल. वर नेता, मधे वाढदिवस असलेला, आणि खाली ‘शुभेच्छुक’ या शब्दाखाली पासपोर्ट साइजचे पंचवीस चेहरे. मोठ्या माणसाच्या सावलीत लहान माणसाने आपला फोटो छापून घ्यायचा, हा त्यातला व्यवहार. त्याला आपण हसतो, पण त्यात फसवाफसवी नाही. पैसे कुणी दिले, कशासाठी दिले, हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं.

या फ्लेक्सची आठवण मला झाली ती कॅडबरीच्या एका जाहिरातीमुळे. २०२१च्या दिवाळीत कॅडबरी सेलिब्रेशन्ससाठी शाहरुख खानने ती केली होती. करोनाने छोट्या दुकानांचं कंबरडं मोडलं होतं. शाहरुख सांगतो, या दिवाळीत खरेदी आपल्या जवळच्या दुकानातून करा. आणि तो दुकानाचं नाव घेतो. तुम्ही ज्या भागात असाल तिथल्या दुकानाचं. त्याचा चेहरा आणि आवाज कृत्रिम बुद्धिमत्तेला शिकवून ठेवला होता. दुकानदाराने वेबसाइटवर जाऊन आपल्या दुकानाचं नाव भरायचं, की शाहरुख त्याच्या दुकानाची जाहिरात करणार. तो व्हिडिओ मग व्हॉट्सॲपवर पाठवायचा, स्टेटसला ठेवायचा. या मोहिमेला कान्सच्या जाहिरात महोत्सवात बक्षिसं मिळाली.

मला ही जाहिरात आवडली होती, अजूनही आवडते. फ्लेक्सचा क्रम इथे उलटा झालाय. नाव लहान दुकानाचं, आणि खाली शुभेच्छुक म्हणून उभा कोण, तर शाहरुख खान. आपल्या देशात जाहिरातीने दुकानदाराला इतका मान फार वेळा दिलेला नाही. एरवी जाहिरातीत दुकानदार असतोच कुठे? वस्तू असते, आई असते, गोंडस मूल असतं. वस्तू मिळते कुणाकडे, ते कॅमेऱ्याबाहेर.

गावी गेल्यावर मी ती जाहिरात मामांना दाखवली. त्यांचं किराणा दुकान आहे. दारात शाम्पूच्या पुड्यांच्या माळा, गल्ल्याशेजारी पैसे आले की बोलणारा स्पीकर, आणि गल्ल्याखाली उधारीची वही. मामांनी व्हिडिओ दोनदा बघितला. हसले. मग म्हणाले, “चांगलंय की. पण गिऱ्हाईक दुकानात आल्यावर शाहरुख थोडाच गल्ल्यावर बसणारय? मलाच बसायचंय.”

मामा हे विनोदाने म्हणाले. पण त्यानंतर सोशल मीडियावरची कुठलीही मोहीम बघताना मी तिला मनातल्या मनात मामांच्या गल्ल्यावर नेऊन उभी करायला लागलो. ब्रँड जे फोनवर बोलतो, त्याचं उत्तर गल्ल्यावर कुणाला द्यावं लागतं? हा प्रश्न विचारला की बऱ्याच गाजलेल्या मोहिमा वेगळ्या दिसायला लागतात.

२०१९च्या सुरुवातीला स्विगीने इन्स्टाग्रामवर एक खेळ काढला होता, ‘व्हॉइस ऑफ हंगर’. इन्स्टाग्रामवर आवाजाचे मेसेज नुकतेच सुरू झाले होते. बोललं की पडद्यावर आवाजाच्या लहानमोठ्या रेघा उमटतात. स्विगीने सांगितलं, तोंडाने असा आवाज काढा की त्या रेघांतून खाण्याच्या पदार्थाचा आकार तयार होईल. मासा, नाचो, असे आकार. जिंकणाऱ्याला वर्षभराच्या जेवणाची कुपनं. देशभरची पोरं फोनसमोर ओरडत, कुजबुजत, शिट्ट्या मारत बसली. कल्पना म्हणून ही अस्सल आहे. इन्स्टाग्रामने दिलेल्या साध्या सोयीत कुणाला दिसला नव्हता असा खेळ त्यांना दिसला, आणि त्यात जाहिरातीचा भपका नव्हता.

पण खेळ संपल्यावर हिशोब मांडा. मेहनत कुणी केली? खेळणाऱ्यांनी. हजारो तरुणांनी आपला वेळ, आवाज आणि आपली मित्रमंडळी ब्रँडला दिली. बक्षीस मोजक्यांना. जाहिरात क्षेत्रात याला ‘एंगेजमेंट’ म्हणतात. मराठीत त्याला सहभाग म्हणायचं की बिनपगारी काम, हे ज्याने त्याने ठरवावं. आणि जो माणूस जेवण घेऊन उन्हापावसात दाराशी येतो, त्याचा आवाज या आवाजाच्या खेळात नव्हताच. तेव्हा डाळजला स्विगी नव्हती, त्यामुळे मासा आम्हाला तोंडाने काढून नाही, उजनीतूनच काढून खावा लागला. पण शिकायला किंवा कामाला पुण्यात गेलेली गावाकडची पोरं खेळ खेळणाऱ्यांतही असू शकतात आणि पार्सल पोचवणाऱ्यांतही. मोहिमेला त्यातली एकच बाजू दिसते.

जी गोष्ट वस्तू पोचवणाऱ्याची, तीच बनवणाऱ्याची. भिगवणहून बारामतीला गेलं की एमआयडीसी लागते. फेरेरोचा कारखाना तिथे २०११पासून आहे. पियाजिओच्या वेस्पा स्कूटरचं उत्पादन तिथे २०१२मध्ये सुरू झालं. म्हणजे तुमच्या भाच्याने हट्ट करून घेतलेलं किंडर जॉय आणि कॉलेजच्या पार्किंगमधली पिस्ता रंगाची वेस्पा, दोन्ही आमच्या बाजूने आलेली असू शकतात. वेस्पा म्हटलं की मात्र डोळ्यांपुढे इटलीतली गल्ली येते, दगडी रस्ता, उन्हाळी चष्मे. इतक्या वर्षांच्या जाहिरातींनी ते चित्र पक्कं केलंय. इटली खोटी नाही, ब्रँड तिथलाच आहे. पण शिफ्ट सुटल्यावर टपरीवर चहा पिणाऱ्या पोराला आपण बनवलेल्या गाडीच्या चित्रात आपलं गाव सापडत नाही.

म्हणूनच कॅडबरीची जाहिरात मला या सगळ्यांत वरची वाटते. तिने निदान विकणाऱ्याला चित्रात घेतलं. पण तिच्याकडेही गल्ल्यावरून बघायला हवं. शाहरुख जे नाव घेतो, ती वाक्यातली रिकामी जागा आहे. नाव बदलतं, वाक्य तेच राहतं. लग्नपत्रिकेच्या साच्यात वधूवरांची नावं बदलावीत तसं. त्याला त्या दुकानाबद्दल काहीही ठाऊक नाही. मामा कुणाला उधार देतात आणि कुणाला नाही, कुठल्या म्हातारीला तिच्या सुनेच्या नकळत तंबाखू देतात, यातलं काही त्या नावात येत नाही. दुकानदाराला एक व्हिडिओ मिळतो. कंपनीला तेवढ्याच वेळात दुकानांची माहिती, लोकांची माया आणि बक्षीस मिळतं. देवाणघेवाण आहे, पण मापं सारखी नाहीत.

कौतुक करूनही मी एवढं खोलात जातोय त्याला कारण आहे. मोहिमेत गल्ला फक्त नावापुरता असेल, तर बिनसल्यावर काय होतं ते आपण पाहिलेलं आहे.

ऑक्टोबर २०२०मध्ये तनिष्कने ‘एकत्वम’ नावाच्या दागिन्यांची जाहिरात आणली. मुस्लिम घरातली सासू आपल्या हिंदू सुनेचं डोहाळजेवण तिच्या माहेरच्या पद्धतीने करते. हळुवार, नीट बनवलेली जाहिरात. त्यावर बहिष्काराची हाक आली. कंपनीने आधी यूट्यूबवर लाइक आणि कमेंट बंद केल्या, मग जाहिरातच मागे घेतली. निवेदनात लोकांच्या भावना दुखावल्याचं दुःख होतं आणि कर्मचारी, भागीदार, दुकानातली माणसं यांच्या काळजीचा उल्लेख होता. त्या काळजीला मी नावं ठेवणार नाही. दुकानात उभं राहणाऱ्याला घर असतं. पण क्रम बघा. बोलायला सुरुवात केली ब्रँडने, फोनवर. लोक उलट बोलायला लागले तेव्हा ब्रँडने फोनवरचं दार लावून घेतलं. उघडं राहिलं ते दुकानाचं दार. गुजरातमधल्या गांधीधामच्या दुकानाच्या दारावर हाताने लिहिलेला गुजराती माफीनामा लागला. जाहिरात लिहिली कुणी, आणि माफी लिहावी लागली कुणाला!

त्याआधी २०१९च्या होळीला सर्फ एक्सेलवरही अशीच वेळ आली होती. एक छोटी मुलगी सायकलवर फिरून सगळा रंग आपल्या अंगावर घेते, म्हणजे तिच्या मुस्लिम मित्राला पांढऱ्या कपड्यांत नमाजाला जाता येईल. बहिष्काराची लाट आली. रागाच्या भरात काहींनी मायक्रोसॉफ्ट एक्सेलच्या ॲपला एक-एक स्टार देऊन टाकला! हिंदुस्तान युनिलिव्हरने जाहिरात मागे घेतली नाही. दोन मोहिमांचं आवाहन जवळपास एकच. पण पहिली टिकली नाही आणि दुसरी टिकली. सोन्याच्या पेढीचा पत्ता असतो, तिला काचेचं दार असतं. साबणाची पुडी लाखो दुकानांत लटकत असते, तिच्यावर राग काढायला एक दार नसतं. धैर्याचा भाग असेलच, पण गल्ला कुठे आणि कसा आहे, त्यावरही बरंच अवलंबून असतं असं मला वाटतं.

मामांच्या वाट्याला इतकं मोठं काही आलं नाही. पण लहान आवृत्ती त्यांनी भोगली आहे. एका बिस्किट कंपनीने (नाव सांगत नाही) रील्समधून बक्षिसाच्या स्कीमचा धुरळा उडवून दिला होता. शाळेतली पोरं मधल्या सुट्टीत दुकानात यायची, “मामा, स्कीमवाला पुडा द्या.” तो पुडा आमच्याकडे पोचलाच नाही. सेल्समन म्हणाला, वरून माल नाही. पोरांच्या लेखी मात्र मामांनीच पुडे दडवून ठेवले होते. आठवडाभर मामा पाचवीतल्या पोरांना खुलासे देत होते.

याउलट मामांचा स्वतःचा ‘सोशल मीडिया’ म्हणजे गिऱ्हाइकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप. “ताजी मेथी आली.” “आज दूध उशिरा.” “गॅसवाला उद्या.” कुणी एकदा लिहिलं, “कालच्या शेंगदाण्यात किडे निघाले.” सगळ्या ग्रुपसमोर. मामांनी ‘कृपया इनबॉक्समध्ये संपर्क साधा’ असं लिहिलं नाही. लिहिलं, “घेऊन या, बदलून देतो.” आणि बदलून दिले. मोठ्या ब्रँडच्या पानांवर तक्रार केली तर ती अदबीने बाजूच्या खोलीत नेली जाते, कौतुक तेवढं दर्शनी राहतं. मामांना बाजूची खोलीच नाही. त्यांच्या ग्रुपला ते ‘एंगेजमेंट’ म्हणत नाहीत, पण उलट बोलता येणं हा संवादाचा अर्थ असेल तर तो तिथे आहे.

आणि ब्रँड मोठा झाला की हे जमतच नाही, असंही नाही. पुण्याच्या चितळे बंधूंचं बघा. दुपारी १ ते ४ दुकान बंद, यावर महाराष्ट्राने किती विनोद केले! ते कुठल्या एजन्सीने लिहिले नव्हते. बंद दारासमोर ताटकळलेल्या गिऱ्हाइकांनी, म्हणजे गल्ल्याच्या अलीकडच्या बाजूने, ते रचले. २०१७मध्ये दुपारीही दुकान उघडं ठेवायचं ठरलं तेव्हा त्याची बातमी झाली. ज्या ब्रँडवर लोक आपणहून, हक्काने, टिंगल करत बोलतात, त्याला लोकांना बोलतं करण्यासाठी खेळ लावावे लागत नाहीत.

आता थोडं आपल्याबद्दल. हे तुम्ही फोनवर वाचताय, आणि तुमच्यापैकी काहीजण स्वतः रील्स करत असाल. आमच्याकडेही उजनीच्या काठावर ड्रोन उडवणारी पोरं आहेत. दोन-पाच हजार फॉलोअर झाले की कापडाचं दुकान, मोबाइलचं दुकान ‘कोलॅब’साठी विचारतं. जाहिरातीच्या रीलवर ती जाहिरात आहे असं स्पष्ट लिहावं, असे जाहिरात मानक परिषदेचे नियम जून २०२१पासून आहेत. बरेचजण लिहीत नाहीत, कारण लिहिलं की रील ‘खरं’ वाटत नाही. पण रील बघून माल घेणारा गावातलाच असतो. माल खराब निघाला तर तो ब्रँडला शोधत बसणार नाही. फाट्यावर गाठून तुम्हालाच विचारेल. म्हणजे तुम्हीही गल्ल्यावर बसला आहात, फक्त गल्ल्यातले पैसे दुसरीकडे जातात. फ्लेक्सवर निदान ‘शुभेच्छुक’ असं छापलेलं तरी असतं.

मागच्या दिवाळीत मी मामांना म्हटलं, “तुमच्या दुकानाचा असा व्हिडिओ करायचा का? मी बनवून देतो, शाहरुखशिवाय.” त्यांनी विचार केला. मग म्हणाले, “कर. पण त्यात एक टाक. माल आवडला नाय तर परत आणा.”

मी ते टाकलं. व्हिडिओ पहिल्या दिवशी एकशे चाळीस लोकांनी बघितला. दुसऱ्या दिवशी सकाळी एकजण फराळाचा खवट निघालेला डबा घेऊन आला. मामांनी झाकण उघडून वास घेतला, डबा ठेवून घेतला आणि गल्ल्यातून पैसे मोजून दिले.