‘शून्य एरर’ म्हणजे नक्की किती?

रॅम ओव्हरक्लॉक केली, मेमटेस्ट८६ तासभर चालवलं, ‘शून्य एरर’ आलं. म्हणजे मशीन स्टेबल? गेमिंगपुरतं ठीक, पण संशोधनात हा दावा टिकत नाही.

टूल वाईट नाही. ते ऑपरेटिंग सिस्टीमच्या आधीच चालतं, त्यामुळे जवळपास सगळी मेमरी तपासता येते. पण तेव्हा ग्राफिक्स कार्ड निवांत असतं. खरं काम सुरू झालं की कॅबिनेट तापतं आणि तापलेल्या रॅममधला चार्ज लवकर गळतो. इथे गंगापूर रोडवर जानेवारीच्या रात्री पास झालेली टेस्ट मे महिन्यातल्या दुपारची हमी देत नाही.

आता आकडा बघा. संख्याशास्त्रातला तीनचा नियम सांगतो: चुका अधूनमधून, कशाही येत असतील आणि २४ तासांत एकही दिसली नाही, तर ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की चुकांचा दर २४ तासांना ३ पेक्षा जास्त नाही. म्हणजे तीन दिवसांच्या सिम्युलेशनमध्ये ९ चुकाही नाकारता येत नाहीत. तासाभराच्या टेस्टचं काय बोलायचं!

आणि मिळतं काय? ३२०० सीएल१६ काय, ३६०० सीएल१८ काय, कॅस लेटन्सी १० नॅनोसेकंदच. बँडविड्थ साडेबारा टक्के वाढते. ती तुमच्या प्रोग्रॅमला लागते का, ते आधी मोजा.

मशीन क्रॅश झालं तर कळतं तरी. एखादा बिट गुपचूप उलटला, तर चुकीचा आकडा थेट थिसिसमध्ये जातो. म्हणून निकाल मूळ वेगावरच काढा.