शेपटीचं काम

पौषातल्या दुपारी काशीला पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवर उभं राहिलं की नजर गंगेवर टिकत नाही, वर जाते. पंचगंगा, दुर्गा घाट, ब्रह्मा घाट हा पिढ्यानपिढ्यांचा मराठी घरांचा परिसर. खिचडीच्या, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या, आसपास इथल्या गच्च्यांवरून, होड्यांतून आणि पलीकडच्या वाळूवरून पतंग चढतात. थंडीतला वारा बहुधा पश्चिमेचा आणि घाटांचं तोंड पूर्वेला. त्यामुळे गच्चीवरच्या पोराच्या पाठीवर वारा असतो आणि पतंगासमोर नदीच्या रुंदीएवढं मोकळं आभाळ.

या लढाऊ पतंगाला शेपटी नसते. कुठे खालच्या कोपऱ्याला कागदाचा लहानसा त्रिकोण चिकटवलेला दिसतो, तो तिथला कागद ताठ राहावा म्हणून. घरच्या घरी बिनशेपटीचं हलकं विमान बांधू पाहणाऱ्या माणसापुढे पहिला प्रश्न जो उभा राहतो, त्याचं उत्तर मला या चौकोनी कागदात दिसतं.

विमान वाऱ्याच्या धक्क्यानं डोलतं, नाक वर जातं, खाली येतं, बाजूला फिरतं. मागे लांबवर असलेली शेपटी त्याला दर वेळी जाग्यावर आणते. ती काढून टाकली की वजन वाचतं, वाऱ्याचा अडथळाही कमी होतो. तिचं काम मात्र तसंच शिल्लक राहतं. बिनशेपटीच्या प्रत्येक रचनेची पारख इथेच होते: ते काम तिनं कुणावर सोपवलं?

पतंगात दोनच काड्या. मधोमध उभा ठड्डा, बांबूचा, ताठ. त्यावर आडवी कांप, म्हणजे आपली कमान: तासून बारीक केलेली, टोकांकडे आणखी निमुळती. सारं कौशल्य या निमुळतेपणात आहे. दोरा ताणला की वाऱ्याच्या दाबानं कमानीची दोन्ही टोकं मागे झुकतात आणि सपाट कागदाला होडीच्या तळासारखा आकार येतो. आता पतंग एका बाजूला कलला, तर कललेली बाजू वाऱ्याला अधिक सामोरी जाते आणि वारा तिला परत उचलतो. म्हणून ताणलेला पतंग, नाक जिकडे असेल तिकडे सरळ धावतो.

दोरा सैल सोडा. दाब ओसरतो, कमान उसळून सरळ होते, कागद पुन्हा सपाट होतो आणि पतंगाला कुठलीच एक दिशा उरत नाही. तो जागच्या जागी गिरक्या घेऊ लागतो. नाक हवं तिकडे आलं की ओढायचं. त्याच क्षणी तो पुन्हा स्थिर होतो आणि सुटतो. ढील आणि खेच, एवढ्यावर पोरगं त्याला उजवीकडे, डावीकडे, थेट खालीसुद्धा नेतं. स्थैर्य आणि अस्थैर्य दोन्ही एकाच काडीत ठेवायचं आणि त्यांची किल्ली बोटांत द्यायची, ही या रचनेची सर्वांत सुंदर कल्पना. नवशिक्याच्या पतंगाला चिंधीची शेपटी लावतात तेव्हा तो शांत होतो, पण ही चपळाई जाते.

बाकीची जुळवाजुळव बांधणीत. कन्ने, म्हणजे ठड्ड्याला वर आणि खाली बांधलेला दुहेरी दोरा, पतंग वाऱ्याशी किती कोन करणार ते ठरवतात. वरचा दोरा लांब झाला तर नाक मागे पडतं आणि हाताला ओढ लागते. फार आखूड झाला तर नाक पुढे झुकतं आणि कागद फडफडतो. पतंग एका अंगाला झुकू लागला की म्हणतात, तो कन्नी खातोय. मग हलक्या बाजूला चिंधी बांधून तोल साधायचा. अशा बोटभर चिंधीनं जे साधतं, त्याचसाठी विमान बांधणारा तराजू आणि मोजपट्टी घेऊन बसतो.

आणि पतंग कटतो. ताण गेला, कमान सरळ झाली. मघापर्यंत बाणासारखा धावणारा तोच कागद लटपटत नदीवर वाहत जातो. त्याची शेपटी कुठे होती, ते इथे उघड होतं. ती दोऱ्यात होती.

मग दोराच नसलेल्या विमानानं काय करावं? याचा एक धागा पतंगातूनच निघतो. अमेरिकेत विमानसंशोधक फ्रान्सिस रोगालो आणि त्यांच्या पत्नी गर्ट्रूड यांनी 1948 साली स्वयंपाकघरातल्या पडद्याच्या कापडाचा काड्या नसलेला लवचीक पतंग घरीच केला. तशा पंखाखाली पुढे माणूस लोंबकळला आणि इंजिन लावल्यावर त्याचंच बिनशेपटीचं हलकं विमान झालं. इथे दोऱ्याची जागा वैमानिकाच्या वजनानं घेतली. तो आडव्या दांड्याला धरून अंग पुढेमागे, डावीउजवीकडे सरकवतो आणि पंख त्या कलानं वळतो.

पण वजनाला बोटांची चतुराई नसते, म्हणून उरलेलं काम पंखाच्या आकारात भरावं लागतं. पंख मागे झुकवून टोकांना थोडा पीळ देतात. तोलबिंदूच्या मागे राहिलेली ती टोकं वाऱ्याला कमी कोनानं भेटतात आणि शेपटीचं काम करतात. फ्रान्सच्या शार्ल फोव्हेल यांनी 1951 साली उडालेल्या एव्ही-36 या ग्लायडरमध्ये पंख जवळजवळ सरळ ठेवला, वजन पुढे घेतलं आणि पंखाची मागची कड किंचित वर वळवली. नाक खाली जाऊ पाहतं, तेव्हा ती कड त्याला सावरते. या ग्लायडरच्या आराखड्यांवरून हौशी लोकांनी आपापली ग्लायडरं बांधली.

पीळ, वळलेली कड, लोंबकळणारं वजन: दोरा नाही म्हणून पंखाच्या अंगात मुरवलेलं हे शहाणपण आहे. पतंगाला ते लागत नाही, कारण त्याचं अर्धं अंग जमिनीवर असतं. कागद, दोन काड्या, दोरा आणि हात मिळून ते एक यंत्र आहे; यातलं काहीही वगळून त्याचं मोल ठरवता येत नाही. उडवण्याआधी घाटावरचं पोरगं पतंग डोक्यावर टेकवून दोन्ही हातांनी हलकेच वाकवतं, बांबूचा ताठपणा चाचपतं, एका बाजूला चिंधी बांधतं. त्याच्याच हातून शेपटी लागत असते.