फिरलेले देऊळ आणि उलटलेला किल्ला

शोधयात्रेवर आधारलेल्या व्हिडिओ गेममध्ये अवकाश हीच संहिता असते. ‘सुपर मेट्रॉइड’ (१९९४) आणि ‘कॅसलव्हेनिया : सिम्फनी ऑफ द नाइट’ (१९९७) या आपापल्या मालिकांतील लाडक्या कृतींची तुलना म्हणूनच अवकाशाच्या अंगाने करावी लागते. पहिलीत झेबेस ग्रह जागच्या जागी राहतो. सॅमसला नवे सामर्थ्य लाभले की जुनीच वाट उघडते. तिचे परतणे ही पुनरावृत्ती नसते, ते पुनर्वाचन असते. दुसरीच्या उत्तरार्धात ड्रॅक्युलाच्या किल्ल्याचे उलटे रूप अवतरते, छताची जमीन होते. कल्पना भव्य खरी. परंतु तोवर वटवाघूळ होऊन उडू लागलेल्या अलुकार्डला ही उलथापालथ फारशी अडवीत नाही.

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथची आख्यायिका येथे निकष म्हणून उपयोगी पडते. कीर्तन करणाऱ्या नामदेवांना देवळामागे धाडले गेले, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरले. ते फिरणे अन्यायाला दिलेले उत्तर होते. त्याने माणूस आणि वास्तू यांचे नातेच बदलले. किल्ल्याच्या उलटण्यामागे अशी निकड नाही. त्यातून विस्तार साधतो, अर्थांतर नाही. ‘सुपर मेट्रॉइड’ मात्र एक दगडही न फिरवता हे नाते बदलतो. त्याचे श्रेष्ठत्व तेथे आहे.