भिंतीवरचे सात उपाय: एका यादीची चिकित्सा

आमच्या लॅबच्या दाराशेजारी एक कागद चिकटवलेला आहे. वर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'लिनक्सचा डेस्कटॉप येत नसेल तर', आणि खाली सात उपाय. संगणक पुन्हा सुरू करा. ग्रबमध्ये 'नोमोडसेट' घाला. ग्राफिक्सचा ड्रायव्हर काढून परत टाका. होममधली 'एक्सऑथॉरिटी' फाइल उडवा. जीडीएमच्या जागी लाइटडीएम लावा. डेस्कटॉप पुन्हा इन्स्टॉल करा. शेवटी फॉरमॅट. कागद कुणी लिहिला ते आता कुणालाच ठाऊक नाही. सीनियरांकडून आलेला वारसा म्हणा.

आज या कागदाची चिकित्सा करायची आहे. हसू नका. शोधनिबंध वाचताना आपण आधी पद्धत तपासतो, आणि हा कागदही पद्धतच सांगतो. ती मुकाट्याने पाळत गेल्यामुळे माझं अकरा दिवसांचं सिम्युलेशन थोडक्यात वाचलं.

झालं असं. सकाळी संगणक सुरू केला, लॉगिनचा पडदा आला, पासवर्ड टाकला. पडदा क्षणभर काळा झाला आणि परत लॉगिनवर. पुन्हा तेच. आम्ही कागदाबरहुकूम निघालो. पुन्हा सुरू केला, नोमोडसेट घातलं, ड्रायव्हर काढून टाकला. दुपार झाली. ज्युनिअर म्हणाली, "ताई, सरळ फॉरमॅट मारूया का? तासाभरात होईल."

आधी कागदाची बाजू घेते. यातला एकही उपाय खोटा नाही. प्रत्येकाने कधी ना कधी कुणाचा तरी संगणक चालू केलेला आहे. कर्नल अपडेट झाला आणि एनव्हिडियाचं मॉड्यूल नव्या कर्नलसाठी बांधलं गेलं नाही, तर ड्रायव्हर परत टाकल्यावर ते बांधलं जातं आणि डेस्कटॉप येतो. कुणी सुडो लावून ग्राफिकल प्रोग्रॅम चालवला आणि एक्सऑथॉरिटी फाइलची मालकी रूटकडे गेली, तर ती फाइल उडवल्यावर लॉगिन होतं. तेव्हा यादीत अनुभव आहे, हे मान्य.

पण हा अनुभव कशाबद्दलचा, तेवढंच यादी सांगत नाही. नोमोडसेटचं बघा. त्यामुळे कर्नलमधला ग्राफिक्स ड्रायव्हर पडद्याचा मोड स्वतः ठरवत नाही आणि काम साध्या चित्रपटलावर भागवलं जातं. नोमोडसेट घालून डेस्कटॉप आला, तर संशय ग्राफिक्स ड्रायव्हरवर जातो, एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे ही चाचणी आहे. कागद तिला उपाय म्हणतो, म्हणून लोक ते कायमचं ठेवून देतात आणि मग पडदा ढोबळ का दिसतो, सगळं हळू का चालतं, असं विचारत बसतात.

दुसरी त्रुटी जास्त गंभीर आहे. 'डेस्कटॉप येत नाही' हे लक्षण झालं. त्यामागे एक साखळी असते: फर्मवेअर, ग्रब, कर्नल, सिस्टमडी, डिस्प्ले मॅनेजर, मग एक्स किंवा वेलँड, आणि शेवटी तुमचं स्वतःचं सत्र. कडी कुठली तुटली हे कागद कुठेच विचारत नाही. आमच्याकडे लॉगिनचा पडदा नीट दिसत होता, म्हणजे ड्रायव्हर आणि डिस्प्ले मॅनेजर आपलं काम करत होते. पुरावा डोळ्यांसमोर होता आणि आम्ही ड्रायव्हर उपटत बसलो होतो! सहावा उपायही इथे फुकट गेला असता. डेस्कटॉप पुन्हा इन्स्टॉल केला तरी होममधल्या सेटिंग्जना हात लागत नाही. बिघाड तिथे असेल तर तो तसाच राहतो.

आता माझी चूक, कारण तुमच्या उपयोगाची तीच आहे. मध्येच मला शहाणपण सुचलं. म्हटलं, नियंत्रित प्रयोग करू. लॅबमधल्या दुसऱ्या खात्याने लॉगिन करून बघितलं. तेही होईना. मी निष्कर्ष काढला की बिघाड माझ्या खात्यात नाही, सगळ्या यंत्रणेत आहे. तर्क बरोबर वाटतो ना? पण दोन्ही खात्यांची होम एकाच विभाजनावर होती. ज्या गोष्टीची चाचणी घ्यायची, तीच नियंत्रणातही सामाईक होती. संशोधनात याला सदोष नियंत्रण म्हणतात. व्याख्या परीक्षेत लिहिलेली असते, पण गळ्याशी आल्यावर आठवत नाही.

शेवटी कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून मजकुराच्या पडद्यावर गेले. तिथे लॉगिन झालं. जर्नलसीटीएलने त्या बूटच्या नोंदी काढल्या आणि एक ओळ सतत दिसत होती: यंत्रावर जागा शिल्लक नाही. 'डीएफ' चालवलं, तर होमचं विभाजन शंभर टक्के भरलेलं. माझंच सिम्युलेशन प्रत्येक पायरीची नोंद लिहीत बसलं होतं. ग्राफिकल सत्र सुरू होताना होममध्ये काही फाइली लिहायच्या असतात, त्या लिहिता येईनात म्हणून ते मरत होतं. मजकुराच्या लॉगिनला तशी गरज नव्हती. शिवाय ईएक्सटी४ फाइलव्यवस्था सहसा ५ टक्के जागा रूटसाठी राखून ठेवते, म्हणून रूटची कामं होत राहतात आणि माणूस फसतो. नोंदींच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर हलवल्या, लॉगिन झालं. फॉरमॅट मारला असता तर बिघाड गेला असता, त्याबरोबर अकरा दिवसांचे निकालही. आणि कारण कळलं नसल्यामुळे पुढच्या सिम्युलेशनला पुन्हा तेच झालं असतं.

यादीत नसलेली, पण असायला हवी अशी एक गोष्ट सांगते. अपडेटनंतर बिघाड झाला असेल, तर ग्रबच्या प्रगत पर्यायांतून जुना कर्नल निवडून बघा. काहीही पुसलं जात नाही, एकच गोष्ट बदलते, आणि उत्तर हो-नाहीत मिळतं. जुन्यावर डेस्कटॉप आला तर शोध नव्या कर्नलपुरता आणि त्याच्या मॉड्यूलपुरता उरतो. चांगला प्रयोग असाच असतो. याउलट ड्रायव्हर, डिस्प्ले मॅनेजर आणि फाइल एका दमात बदलली आणि डेस्कटॉप आला, तर तुम्हाला डेस्कटॉप मिळाला, ज्ञान नाही. तीन पॅरामीटर एकदम बदलून 'अचूकता वाढली' असं लिहिणाऱ्या प्रबंधाला मार्गदर्शक जे विचारतील, तेच इथेही विचारायचं: नेमकं कशामुळे?

म्हणून पुढच्या वेळी एंटर दाबण्याआधी वहीत दोन ओळी लिहा. मला काय वाटतंय, आणि ते चुकीचं असेल तर पडद्यावर काय दिसेल. दुसरी ओळ सुचत नसेल, तर ती कमांड तूर्त चालवू नका.

कागद मी फाडलेला नाही. वर पेनाने तीन प्रश्न लिहिलेत: मजकुराचा पडदा येतो का? लॉगिनचा पडदा दिसतो का? डिस्कवर जागा आहे का? सातवा उपायही तसाच आहे. त्याच्या आधी फक्त एवढं घातलंय: 'डेटा दुसरीकडे घेतला का? ज्याचा आहे त्याला विचारलं का?'